आधी पाणी द्या

"आधी पाणी द्या. बोलणं मागाहून."

कुणाच्याही उंबऱ्यात पाऊल टाकताना दिवाणजी हे म्हणत, मग तहान असो वा नसो. घरातून पाणी आलं की ते भांडं दोन्ही हातांत धरून ते भिंतीला टेकत, एक घोट घेत आणि डावीकडून उजवीकडे सबंध घरावरून एकदाच नजर फिरवत. त्यानंतर डोळे खाली, स्वतःच्या पायांच्या बोटांवर. पुन्हा वर बघायचे नाहीत. उरलेलं पाणी संपेपर्यंत त्यांचं काम झालेलं असे.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, ज्यांचं नाव कुणी घेत नाही आणि हुद्दाच नावासारखा चिकटून जातो. कर्जतला ज्या भाताच्या गिरणीत मी पत्रव्यवहाराचा कारकून होतो, तिथं ते दिवाणजी होते. काळी टोपी, बंद गळ्याचा कोट, उन्हापावसात एकच छत्री. घर खालापूरला. कर्जतमध्ये गिरणीमागच्या एका खोलीत एकटे राहायचे आणि महिन्या-पंधरवड्यानं खोपोलीच्या गाडीनं निघून पुढं पायी घरी जायचे.

त्यांच्याकडं असलेल्या अनेक कामांपैकी एक काम वर्षातून एकदाच यायचं, आणि त्याचीच त्यांना सर्वांत धास्ती असे. गिरणीतल्या जुन्या माणसांची पगारवाढ तेच ठरवत.

नव्या माणसाचा पगार बाजार ठरवतो. पण जो पंधरा-वीस वर्षं एकाच गिरणीत राहिला, त्याला दुसरीकडं कोण भाव विचारणार? त्याचं काय करायचं हे कुठं लिहून ठेवलेलं नसतं. आमच्या शेठची रीत अशी की दिवाळीच्या पाडव्याला ते गादीवर बसत. जुनी माणसं एकेक करून पुढं येत. शेठ हातावर सुपारी ठेवत आणि नव्या वर्षाचा पगार तोंडानं सांगत. सुपारी हातात पडली की ते वर्ष बांधलं गेलं. मग पुढच्या पाडव्यापर्यंत त्यात बदल नाही. कुणाला काय सांगायचं ते दिवाणजींनी आदल्या दिवशी शेठच्या कानावर घातलेलं असे. सगळ्यांची मिळून वाढ किती, एवढं शेठ ठरवून देत आणि म्हणत, "एवढ्यात बसवा." म्हणजे एकाला दिलं की दुसऱ्याचं कमी झालं.

बसवायचं कसं, याची दिवाणजींची स्वतःची पद्धत होती. दसरा झाला की गिरणीला थोडी उसंत मिळे, कारण नवं भात अजून शेतात असे. त्या दिवसांत ते प्रत्येक जुन्या माणसाच्या घरी जात. त्यांचे डोळे अधू झाले होते, म्हणून नदीच्या दगडांवरून आणि बांधावरून सोबतीला मला घेत. माझ्या हातात पुस्तक असायचंच. "पंडित, पुस्तक मिटा. घर आलं," असं ते म्हणत. पाणी कुणाच्याही घरचं पीत. त्या काळी यावरूनही मागं बोललं जाई, पण त्यांनी कधी कान दिला नाही.

मी एकदा विचारलं, "दिवाणजी, त्यापेक्षा माणसालाच विचारलं तर?"

"काय विचारू? तुझं भागत नाही का, असं? वीस वर्षं मान वर करून काम केलेल्या माणसाला माझ्यापुढं हात जोडून उभं करू?" ते चालता चालता थांबले. "घर बोलतं, पंडित. माणसाला कशाला बोलायला लावायचं?"

त्यांची ही पद्धत सगळ्या गिरणीला ठाऊक होती, आणि जे व्हायचं तेच होई. दसरा सरला की गिरणीच्या माणसांची वस्ती असलेल्या भिसेगावातल्या निम्म्या घरांतली बरी भांडी दिसेनाशी होत. पोरांच्या अंगावर ठिगळं चढत. एका वर्षी आम्ही इंजिनवाल्या राघोच्या घरी गेलो. अंगणात पेंढ्याची उडवी, शेजारी म्हैस बांधलेली. राघोची बायको फुटक्या पेल्यातून पाणी घेऊन आली आणि म्हणाली, "काय सांगू दिवाणजी, घरात धड भांडं नाय राह्यलं." तेवढ्यात म्हशीनं पेंढ्याला तोंड घातलं, एक हिसडा दिला, आणि उडवीतून एक चकचकीत पितळी घागर बाहेर येऊन गडगडत दिवाणजींच्या पायांशी थांबली.

राघो भिंतीला टेकून आढ्याकडं बघत राहिला.

दिवाणजींनी पाणी संपवलं. भांडं खाली ठेवलं. "राघो, म्हैस सरळ स्वभावाची आहे हो तुझी. जप तिला."

परतीच्या वाटेवर मी हसत होतो. ते हसत नव्हते. मी म्हटलं, "याला आता काही मिळणार नाही." त्यांनी माझ्याकडं नवल वाटल्यासारखं बघितलं. "का? माणसानं स्वतःची घागर पेंढ्यात लपवली. ही काय सुखाची वेळ आहे?" त्या पाडव्याला राघोला वाढ मिळाली.

मला त्यांचं हे फार आवडे. जो लपवतो तोही अडलेलाच असतो, हे त्यांना कळत होतं. पण माणूस दुसऱ्या रीतीनंही लपवतो, हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. माझ्याही नाही.

लढाई सुरू होऊन बरेच दिवस झाले होते. रॉकेल मिळत नव्हतं, कापड मिळत नव्हतं, भातावर सरकारचा ताबा आला होता. तांब्या-पितळेचे भाव असे चढले होते की लोक घरची भांडी मोडीत घालून दिवस काढत. त्या वर्षी शेठ म्हणाले, "दिवाणजी, यंदा हात आखडता." वाढ दोघा-तिघांनाच देता येईल एवढी होती.

दहिवलीचा धर्मा मापाडी त्या जुन्या माणसांतला. गिरणीत येणारं भात तोच मापायचा. पहिल्या मापाला तो 'एक' म्हणत नसे. जुन्या रीतीप्रमाणे 'लाभ' म्हणून सुरुवात करी, आणि ते 'लाभ' इतकं लांबवून म्हणे की कचेरीत बसल्या जागी आम्हाला कळे, गाडी लागली. बोलायला अगदी कमी. त्याच्या मेव्हण्यानं मुंबईला गोदीत त्याच्यासाठी काम बघून ठेवलं होतं, हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याला जायचं नव्हतं. पाडव्याला वाढ मिळाली तर राहायचं, नाहीतर घर सोडायचं, असं नवरा-बायकोचं ठरलं होतं. हेही पुढं कळलं.

आम्ही नदी ओलांडून त्याच्या घरी गेलो तेव्हा अंगण सारवलेलं होतं, रांगोळी होती. आत फळीवर चिंचेनं घासलेली तांब्याची भांडी ओळीनं मांडलेली. खाली हंडा, त्यावर कळशी. दोन्ही पोरं तेल लावून, भांग पाडून बसवलेली. धर्मा दाराशी उभा होता, खाली बघत.

"आधी पाणी द्या," दिवाणजी म्हणाले.

धर्माची बायको यसू तांब्याच्या फुलपात्रातून पाणी घेऊन आली. "बसा दिवाणजी. गरिबाचं घर हाय, पन पानी गोड हाय." मागून गूळ-खोबरं घातलेले पोहे आले. मी ओटीवर बसलो होतो. मला काचेच्या पेल्यात चहा मिळाला. दिवाणजींनी नजर फिरवली आणि खाली घातली. पोहे आवडीनं खाल्ले. पोरांची नावं विचारली. उठताना धर्माच्या खांद्यावर हात ठेवला. धर्मानं तोंड उघडलं, बायकोकडं बघितलं आणि मिटलं.

वाटेत दिवाणजी खुशीत होते. तसे ते क्वचितच दिसत. "बरं वाटलं, पंडित. या दिवसांत एक तरी घर भरलेलं बघितलं. धर्माचं ठीक चाललंय."

पाडव्याला धर्माच्या हातावर सुपारी पडली आणि शेठनी मागचाच पगार सांगितला. धर्मानं सुपारी कपाळाला लावली, वळला आणि गेला. वाढ गेली ती बायको अंथरुणाला खिळलेल्या एका हमालाला आणि पूर आला तेव्हा घर पडलेल्या दुसऱ्या एकाला. त्यात चूक काही नव्हती. चुकीचं वागणारं तिथं कुणी नव्हतंच.

भाऊबीज झाली आणि गिरणी सुरू झाली. त्याच दिवशी सकाळी भात पाखडणारी सोनाबाई थेट कचेरीच्या दारात येऊन उभी राहिली. ही धर्माची शेजारीण. हातातलं सूप तिनं खाली ठेवलं नाही.

"दिवाणजी, माझ्या हंड्यानं धर्माचा पगार खाल्लान."

दिवाणजींना काही कळलं नाही. "काय म्हणतेस बाई?"

"हंडा माजा, कळशी माजी. फुलपात्री रखमीकडली. यसूच्या घरात एक तांब्या नाय राह्यला. सगळं पावसात मोडीत घातलं. तुमी येनार म्हनून यसू चार घरं फिरली. भांड्यांवर नावं घातल्यात आमची. तुमाला तर वाचता येतं ना?"

दिवाणजींनी चष्मा काढून हातात घेतला. "मी दुसऱ्याच्या भांड्याकडं निरखून बघत नाही, सोनाबाई. ते बरं दिसत नाही."

"मंग बघायला येता कशापायी?"

ती निघून गेली. कचेरीत आम्ही चौघं-पाच जण होतो. सगळ्यांनी माना कागदात घातल्या. दिवाणजींनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग टोपी घालून शेठकडं गेले. मला बरोबर बोलावलं नाही, पण दार उघडं होतं.

शेठ वाईट माणूस नव्हते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "दिवाणजी, दिलेली सुपारी परत घ्यायची म्हणता? आज धर्माची घेतली की उद्या सगळे दारात. पुढल्या पाडव्याला त्याचं आधी बघू."

"पुढल्या पाडव्याला तो असेल का?"

"जुना माणूस आहे. जातो कुठं?"

त्या संध्याकाळी आम्ही पुन्हा दहिवलीला गेलो. दिवाणजींनी दारात पाणी मागितलं नाही. आत फळी रिकामी होती. हंड्याच्या जागी मातीचा माठ होता. एका पेटीला दोरी बांधून ती दाराशी ठेवलेली होती.

"धर्मा, मला सांगितलं का नाहीस?"

धर्मा म्हणाला, "तुमीच म्हनता ना, घर बोलतं. मला वाटलं, रिती फळी बघून तुमाला कळंल. मी कामावरनं आलो तवा हिनं समदं मांडून ठेवलं होतं. तुमच्या म्होरं उचलू व्हय?"

यसू चुलीपाशी बसली होती. तिनं मान वळवली नाही. "रित्या फळीखाली पाव्हन्याला बसवू? माझ्यानं झालं नाय."

"आता थांब," दिवाणजी म्हणाले. "मी काहीतरी करतो. माझ्यातलं..."

"नगं," धर्मा म्हणाला. आवाज चढवला नाही, पण दिवाणजी तिथंच थांबले. मग धर्मा थोडा हसला. "आन खरं सांगू? तुमी तोंडानं इचारलं असतंत, तरी मी नाय सांगितलं असतं. मंग तुमचा तरी काय दोष?"

दोन दिवसांनी तो एकटाच पुढं मुंबईला गेला. त्याच्या जागी आलेला मापाडी तरुण होता, कामाला चलाख होता. भाताची पहिली गाडी लागली तेव्हा तो म्हणाला, "एक." दिवाणजींची लेखणी थांबली. मग पुन्हा चालू लागली.

पुढच्या दिवाळीत धर्मा घरच्यांना न्यायला आला आणि गिरणीत सगळ्यांना भेटून गेला. अंगात पांढरा सदरा होता. वाळला होता आणि मधूनमधून खोकत होता. दिवाणजींनी त्याला बाकावर बसवलं. म्हणाले, "परत ये. शेठशी बोललोय मी. तुझी जागा देतो, वाढही देतो."

"नाय दिवाणजी. तिथं बरं हाय." तो उठला. "तिथं कुनी घरी येत नाय."

दिवाणजींना लागावं म्हणून तो ते बोलला नव्हता. तो तसा माणूस नव्हता. पण त्या वर्षापासून दिवाणजींनी कुणाच्याही घरी जाणं सोडलं. दहिवलीला काम निघालं तर ते मला पाठवत. धर्माचं घर बंदच राहिलं. दुसऱ्या पावसाळ्यात त्याच्या छपराची पाखी खचली आणि पुढं लोकांनी वासे नेले. मी हे दिवाणजींना सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही.

घरी जायचं नाही, मग ठरवायचं कसं? त्यांनी माणसांना एकेक करून कचेरीत बोलवायला सुरुवात केली. स्वतः उठून दार लावायचे, समोर बसवायचे आणि हळू आवाजात विचारायचे, "तुला काय लागतं? सांग." समोरचा माणूस टोपी हातात फिरवत बसे. "तुमी ठरवाल ते." दुसरा येई. "आपल्याला काय म्हाईत. तुमी ठरवाल ते." राघो इंजिनवाला तेवढा म्हणाला, "दिवाणजी, तुमी आपले घरीच येत जा. आमाला सवय झाली हाय."

शेवटचा माणूस गेल्यावर ते माझ्याकडं वळले. "विचारलं तर माणूस खाली बघतो. न विचारता बघायला जावं तर घरं दुसऱ्याची भांडी मांडून बसतात. तुम्ही एवढं वाचता, पंडित. कुठल्या पुस्तकात काही आहे का?"

मी त्यांना सरकारी खात्यांतली पद्धत सांगितली. नोकरीची जितकी वर्षं, तितका पगार, दरवर्षी ठरलेली वाढ. कुणी मागायचं नाही, कुणी बघायचं नाही. त्यांनी शांतपणे ऐकलं. "चांगलं आहे. माणसाची अब्रू राहते." मग म्हणाले, "आणि ज्याच्या घरात त्या वर्षी दुखणं आलं, त्याचं?"

त्या वर्षी त्यांनी सगळ्यांना सारखी वाढ दिली. ज्याला गरज होती तो म्हणाला कमी दिली, ज्याला नव्हती तोही म्हणाला कमी दिली. दिवाणजी म्हणाले, "निदान सगळे एकसारखे नाराज आहेत." ते हसले, पण मला ते हसणं ऐकवलं नाही.

एकदा, धर्माच्या आधीच्या दिवसांत, कडावच्या वाटेवर मी त्यांना सहज विचारलं होतं, "सगळ्यांची घरं तुम्ही बघता. तुमचं घर कोण बघतं?"

छत्री दुसऱ्या हातात घेत ते म्हणाले होते, "माझं घर लांब आहे."

त्यात आणखी काही असेल असं मला तेव्हा वाटलं नाही. गिरणीत सगळ्यांचा समज असा की दिवाणजींचं दिवाणजी बघतात. शेठ त्यांना म्हणत, "एवढ्यातच तुमचं तुम्ही धरा." पाडव्याला शेवटची सुपारी दिवाणजींची असे. ती हातावर पडली की ते लगेच मूठ मिटत आणि कागद आवरायला लागत. शेठनी त्यांच्यासाठी आकडा उच्चारलेला मी कधीच ऐकला नाही.

स्वराज्य आलं त्याच्या पुढच्या भाद्रपदात ते खालापूरला गेले ते परत आले नाहीत. तापाचं निमित्त झालं. चार दिवसांत खोली रिकामी करायची वेळ आली तेव्हा तिथं एक वळकटी, छत्री आणि देवाची तसबीर एवढंच निघालं. वळकटी मी स्वतः बांधली. मी तसा मोकळेपणानं रडणारा माणूस नाही. तेवढं एक काम करताना मला फार वेळ लागला.

तेरावं झाल्यावर शेठनी मला बोलावलं. "त्यांच्या घरी काहीतरी महिना बांधून द्यावा म्हणतो. तुम्ही वस्तू द्यायला जाताच आहात. जरा बघून या. कसं काय आहे ते येऊन सांगा, म्हणजे ठरवू."

येतोय असं पत्र टाकून मी गेलो. खोपोलीला उतरून त्यांच्याच वाटेनं पायी गेलो. घर गावाच्या कडेला होतं. दाराशी त्यांच्या पत्नी उभ्या होत्या. मी छत्री आणि वळकटी ओटीवर ठेवली. त्याच म्हणाल्या, "बसा. आधी पाणी घ्या. बोलणं मागाहून."

घर स्वच्छ होतं. आत फळीवर भांडी ओळीनं मांडलेली दिसत होती. चिंचेनं घासलेली, लखलखीत. मी नजर खाली घेतली.

"शेठना सांगा, आम्हाला काही कमी नाही," त्या म्हणाल्या. "यांनी सगळं व्यवस्थित ठेवलं होतं. तुम्ही बघताच आहात."

"हो," मी म्हणालो.

भांडं तांब्याचं होतं, थंडगार. मी ते दोन्ही हातांत धरलं होतं. मी निरखून पाहिलं नाही. पण काठाखाली ठोकून घातलेली अक्षरं माझ्या अंगठ्याला लागत होती, आणि ती दिवाणजींच्या नावाची नव्हती. त्यांचं आडनाव दोन अक्षरी. ही ओळ अंगठ्याखालून सरून पुढं कितीतरी लांब गेली होती.

शेठना 'महिना बांधा' एवढंच सांगायचं, हे मला तिथंच कळलं. मी पाणी संपवलं. त्या समोरच उभ्या होत्या. भांडं खाली ठेवताना मी नावाची बाजू भिंतीकडं केली.